तक्रारींचं फोल्डर

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. विभागप्रमुखाची खुर्ची डिसेंबरपासून रिकामी आहे आणि ती मलाच मिळणार, हे ऑफिसातल्या टेबलाखुर्च्यांनाही माहीत आहे. सध्या मी प्रभारी. प्रभारी म्हणजे काम पूर्ण, मान अर्धा. मार्चअखेर ऑर्डर निघेल. एवढं सगळं कसं जमवलं ते पुढे माझं मलाच आठवायला हवं, म्हणून हे टिपण.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. शहरभर इमारती आणि इमारतीभर कुरकुरणारी माणसं. त्यांची कुरकुर माझ्याकडे येते. पूर्वी फोनवर यायची. कोणीही उठावं, वाटेल ते बोलावं. मी ते बंद पाडलं. आता फक्त मेल. मेलशिवाय नोंद नाही, नोंदीशिवाय मेकॅनिक नाही. मेल आला की माझा रूल त्याला आपोआप 'तक्रारी' या फोल्डरमध्ये नेऊन टाकतो. तिथून मी तो इमारतीच्या फोल्डरमध्ये हलवतो. त्याच्या पोटात 'पाहिलेल्या', त्याच्या पोटात 'विचाराधीन', त्याच्या पोटात 'निकाली'. एकदा साहेबांना दाखवलं होतं. साहेब बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, बापरे.

आज मात्र 'तक्रारी' फोल्डर बिघडलं. बाहेर ठळक आकडा दाखवतं, उघडलं तर आत शुकशुकाट.

संकल्प: आठवड्याच्या आत फोल्डर दुरुस्त. स्वतः. कोणालाही न विचारता.

४ फेब्रुवारी

शेजारच्या टेबलावरच्या नवीनं (दोन वर्षं झाली येऊन, पण नवी ती नवीच) न विचारता सल्ला दिला. म्हणाली, सर, ब्राउझरमध्ये उघडून बघा ना एकदा, तिथे सगळी फोल्डरं दिसतात. मी म्हटलं, घरात स्वयंपाकघर असताना मी रस्त्यावर उभा राहून जेवत नाही. माझा प्रोग्राम माझ्या मशीनमध्ये आहे. आपल्या स्क्रीनकडे वळली. कानामागून आली आणि तिखट झाली.

घरी हिला सांगितलं, फोल्डरचा प्रॉब्लेम आहे. ही म्हणाली, कपाटाच्या दाराचाही आहे, बिजागरी निखळलीये, कधी बघताय? बाईमाणसाला प्रत्येक गोष्ट कपाटाएवढीच वाटते.

७ फेब्रुवारी, दुपार

फोल्डरवर राइट क्लिक केलं की 'रिपेअर' असं बटण सापडतं. सापडलं. दाबलं.

आता 'तक्रारी' नावाची दोन फोल्डरं आहेत. एकाच नावाची, एकाखाली एक. एकात जुनं सगळं आहे, पण उघडायला लागलं की प्रोग्राम गुडघे टेकतो. दुसरं कोरं. म्हणजे काहीतरी हललं हे नक्की. डॉक्टरसुद्धा आधी ताप वाढतो म्हणतात, मग उतरतो.

मग 'कॉम्पॅक्ट' दाबलं. प्रोग्रामनं विचारलं, नक्की का? मला आयुष्यात असं कोणी अदबीनं विचारलं नव्हतं. नक्की, म्हटलं. इमारतींची अर्धी फोल्डरं नावापुरती उरली. चालेल. आटोपशीर दिसतं.

१० फेब्रुवारी

कोणालाही विचारायचं नाही हा संकल्प होता, आणि तो मी मोडलेला नाही. संगणकवाल्याला मी फोन केला तो फक्त त्याची परीक्षा घ्यायला. बाहेरचा कंत्राटी माणूस, एका वेळी दहा ऑफिसं सांभाळतो आणि सगळीकडे घाईत असतो. पहिलाच प्रश्न: बॅकअप घेतलाय का? जसं काही मी कालचं पोर आहे. मी म्हटलं, बॅकअप हा घाबरट लोकांचा धंदा. तो हसला. मग म्हणाला, काका, नवं फोल्डर वापरायचं तर वापरा, पण रूल बदलायला विसरू नका, नाहीतर मेल जुन्यातच जात राहतील.

काका! आणि रूल मी लावलेला. माझाच रूल मला शिकवतो. फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

फत्ते!

बिघडलेल्या फोल्डरवर राइट क्लिक केलं तर यादीत खाली 'अनसबस्क्राइब' असं दिसलं. मासिक नको असलं की वर्गणी बंद करतात, तसंच हे. दाबलं. दुखणाईत फोल्डर दिसेनासं झालं. कोरं तेवढं उरलं. ना ठळक आकडा, ना गुडघे टेकणं. प्रोग्राम कसा हरणासारखा पळतो आहे.

मुद्दाम नवीला बोलावून दाखवलं. तिनं विचारलं, जुन्यातलं कुठे गेलं मग? मी म्हटलं, दिसत नाही म्हणजे गेलं. तिनं मान हलवली, पण ती होकारार्थी होती की नाही हे कळलं नाही. आजकालच्या मुलांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

घरी येताना स्वतःसाठी एक चांगला पेन घेतला. ऑर्डरवर सही करायला लागेलच.

१७ फेब्रुवारी

बुधवारपासून एकही तक्रार नाही.

आधी वाटलं, इंटरनेट बंद असेल. पण बाकीचे मेल येताहेत. आपला नवा कॅटलॉग पाहा, आपला पासवर्ड बदला, सगळं येतं. फक्त तक्रार नाही. विचार केला तेव्हा उलगडलं. लोकांना शिस्त लागली. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी रक्त आटवलं ते फळाला आलं. मेल लिहायचा म्हणजे बसावं लागतं, शब्द जुळवावे लागतात, तोवर निम्म्यांचा राग निवतो.

२० फेब्रुवारी

चौथ्या मजल्याच्या बाईंचा फोन. (फोन बंद केले तरी ऑपरेटर एखादा सोडतोच. त्याला झापलं.) या बाई टेकडीजवळच्या त्या जुन्या पिवळ्या इमारतीत राहतात. मागेही यांचे मेल असायचे, शुद्धलेखन चोख, निवृत्त शिक्षिका असाव्यात. म्हणाल्या, अहो, लिफ्ट बंद आहे, मी तीनदा मेल केला. आमच्या यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणतात रोज खाली उतरून चालवा, नाहीतर पाय आखडेल. खुर्चीवर बसवून माणसं लावून वर आणलं, आता खाली कसं न्यायचं?

मी त्यांच्या समोर फोल्डर उघडून पाहिलं. म्हणजे त्या फोनवर, पण मी उघडलं. रिकामं. मी शांतपणे सांगितलं, बाई, आमच्याकडे दिसत नाही म्हणजे तुमच्याकडून गेला नाही. पत्ता पुन्हा एकेक अक्षर करून सांगितला. त्यांनी लिहून घेतला आणि वाचून दाखवला. बरोबर होता. म्हणाल्या, याच पत्त्यावर केला होता हो. आता काय बोलणार? म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

मेकॅनिकला पाठवावं असं क्षणभर मनात आलं. पण नोंद नाही. आज एकीसाठी नियम वाकवला की उद्या सगळं शहर फोन घेऊन बसेल.

२८ फेब्रुवारी

महिन्याचा अहवाल. आलेल्या तक्रारी: शून्य. जवळजवळ शून्य असं लिहिणार होतो, पण नम्रतेलाही मर्यादा असते.

५ मार्च

मीटिंग. साहेबांनी माझा अहवाल सगळ्यांसमोर वाचला. टाळ्या वाजल्या. बिलिंगवाल्यानं विचारलं, हे केलं कसं? मी म्हटलं, फोल्डर. सगळे हसले, त्यांना वाटलं मी विनय दाखवतो आहे. साहेब तर म्हणाले, याचा अर्थ फार खोल आहे. मलाही तसंच वाटतं.

बाहेर मेकॅनिक व्हरांड्यात बाकड्यावर आडवा पडून मोबाइलवर पत्ते खेळत होता. हत्यारांची पिशवी उशाला. मला बघून उठला नाही. म्हणाला, साहेब, एवढ्या लिफ्टा आणि एकीलाही काही होईना? आमच्या घरचा मिक्सर याहून जास्त बिघडतो. मी म्हटलं, तुझं काम चोख असेल म्हणून. तो म्हणाला, ते तर तुम्हीसुद्धा कधी म्हणाला नव्हतात. आणि पुन्हा आडवा झाला.

१२ मार्च

मशीन संथ झालं आहे. डिस्क भरत आली अशी सूचना येते. कशानं भरते कळत नाही, नवीन तर काही येतच नाही. शोध घ्यायचा संकल्प केला. मग माझ्या पुतण्याच्या लग्नाचे फोटो उडवले, तेवढ्यावर भागलं. शोध पुढल्या आठवड्यात.

नवी पुन्हा बोलली. म्हणाली, सर, कालपासून तीन इमारतींनी आपला करार सोडल्याचं बिलिंगला कळलंय, काही संबंध असेल का? मी तिला समजावलं. लिफ्ट बिघडेनाशी झाली की देखभालीची गरज उरत नाही. हा आपल्या यशाचा थोडा तोटा. ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे आलेत की काय कोण जाणे.

कपाटाचं दार आज पूर्ण निखळून हिच्या पायावर पडता पडता वाचलं. हिनं शेजारच्याला बोलावून बसवून घेतलं. मला विचारलंसुद्धा नाही. त्या शेजाऱ्याचा मला राग आहे. कारण लिहीत नाही.

१८ मार्च

बाईंचा फोन आला असं ऑपरेटरनं सांगितलं. मी जागेवर नाही असं सांगायला लावलं. खोटं नाही. मनानं मी जागेवर नव्हतोच, खुर्चीच्या आणि ऑर्डरच्या विचारात होतो.

२४ मार्च, सकाळ

साहेबांनी बारा वाजता बोलावलं आहे. नवा शर्ट. ही म्हणाली, इस्त्रीचं मला आधी सांगायचं. पेन खिशात. परत आल्यावर सविस्तर.

२४ मार्च, दुपार

सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही.

साहेबांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, कप माझ्यापुढे स्वतः सरकवला. तिथेच मला कळायला हवं होतं. म्हणाले, तुम्ही जे करून दाखवलं ते कोणालाच जमलं नव्हतं. दीड महिना एकही तक्रार नाही. वरच्या लोकांनी विचार केला की तक्रारीच नाहीत तर तक्रार विभाग ठेवायचा कशाला? एक एप्रिलपासून विभाग बंद. नवी डिस्पॅचला जाईल. तुम्ही गोदामात. तिथे सुट्या भागांची रॅक आहेत, कोणीतरी शिस्तीचा माणूस हवाच होता.

मी म्हटलं, आणि विभागप्रमुखाची ऑर्डर? ते म्हणाले, अहो, विभागच नाही तर प्रमुख कशाचा? आणि पुढे म्हणाले, हे सगळं तुमचंच यश आहे.

हात मिळवला. चहा गार झाला होता, तरी प्यालो.

इतकी वर्षं. इतकी फोल्डरं. एकाच्या पोटात एक. वाटलं होतं, मी नसेन तेव्हा लोक येऊन बघतील. कोणी बघणार नाही. संताप संताप होतो आहे आणि कोणावर काढावा ते कळत नाही.

२५ मार्च

विचारांती ठरलं. तक्रारी हव्यात. एक तरी. ताजी, ठसठशीत, आजच्या तारखेची. ती साहेबांच्या टेबलावर आपटायची आणि म्हणायचं, हे बघा, विभाग बंद करता?

पण तक्रार येईना. म्हणून शेवटी (फक्त खात्रीसाठी) नवीला म्हटलं, तुझ्या त्या ब्राउझरमध्ये जरा उघड पाहू. तिनं उघडलं. डाव्या बाजूला दोन 'तक्रारी' होती. एक आमचं कोरं. दुसरं ते दुखणाईत, जे गेलं होतं. ते कुठेही गेलेलं नव्हतं. रूल इमानेइतबारे रोज मेल तिथेच नेऊन टाकत होता. नवीनं माउसचं चाक फिरवायला सुरुवात केली आणि ते संपेचना.

लिफ्ट बंद. लिफ्ट मध्येच थांबते. दार लागत नाही. मुलगी अडकली होती. तुम्ही झोपलात का? करार रद्द करत आहोत. आणि मधूनमधून चौथा मजला. आधी विषय नीट लिहिलेला: लिफ्ट बंद असल्याबाबत. मग: पुन्हा विनंती. मग: कृपया. मग नुसतंच, विषय न लिहिता.

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, कारण हे माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. आनंद झाला. तक्रारी आहेत! विभाग जिवंत आहे! मग तारखा पाहिल्या. बारा फेब्रुवारीपासून ओळीनं. हे साहेबांपुढे ठेवलं तर विभाग वाचेल, पण मी नाही. आणि शेवटचा मेल दोन आठवड्यांपूर्वीचा. त्यानंतर खरोखरच काही नाही. लोकांनी लिहिणं सोडून दिलं.

नवी म्हणाली, सर, मेकॅनिकला निदान त्या आजींकडे तरी पाठवूया आत्ता. मी नाही म्हटलं. तिला कारण सांगितलं नाही. इथे सांगतो. त्यांची लिफ्ट चालू झाली तर त्या तक्रार कशाला करतील? आणि या घडीला आपली अशी, ओळखीची, शुद्धलेखन चोख असलेली तक्रारदार तेवढी एकच उरली आहे.

नवीनं ब्राउझर बंद केलं. कोणाला सांगणार नाही म्हणाली. तिनं ओरडायला हवं होतं, मला ते सोपं गेलं असतं.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळीच निघालो. ऑफिसात सांगितलं, साइटवर. इतक्या वर्षांत साइटवर जायची ही पहिलीच वेळ. पिवळी इमारत मी फोल्डरमध्येच पाहिलेली. जिन्याखाली अंधार, लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं, बंद आहे. अक्षर बाईंचंच असावं, वळणदार होतं.

चार मजले चढलो. प्रत्येक मजल्यावर थांबलो. वाक्य तयार करत होतो. बाई, तुमच्या हितासाठीच सांगतो, एक मेल करा, जरा कडक भाषेत, आजच्या तारखेचा.

बाईंनी दार उघडलं. फोनवरून मला त्या धिप्पाड वाटल्या होत्या. माझ्या खांद्याला लागतील एवढ्या आहेत. मी म्हटलं, लिफ्ट कंपनीतून आलोय. त्यांचा चेहराच बदलला. आत वळून मोठ्यानं म्हणाल्या, अहो, लिफ्टवाले आले!

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एक म्हातारा आवाज, घाईघाईनं: माझे बूट कुठेत? ते काळे. अगं, बूट दे आधी.

मी उंबऱ्यातच. बाई म्हणाल्या, या ना, पाणी घ्या, दम लागलाय तुम्हाला. सुरू झाली का? मी म्हटलं, नाही, म्हणजे त्याचसाठी. आणि ते वाक्य सुरू केलं. हितासाठी, कडक भाषा, आजची तारीख. मध्येच अडखळलो, पण पूर्ण केलं. पुढे हेही म्हणालो की त्याशिवाय आमचा विभाग राहणार नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, फोनवर बोललात ते तुम्हीच का? मी हो म्हटलं. विचारलं, लिफ्ट तुम्ही दुरुस्त करणार नाही? मी म्हटलं, मी नोंद करतो. त्या म्हणाल्या, नोंद तर माझ्याकडेही आहे हो.

आतून पुन्हा आवाज, नाडी बांधायला जरा येतेस का?

बाई माझ्याकडे बघत होत्या. रागानं बघितलं असतं तर मी सावरलो असतो, रागावलेल्या माणसांची मला सवय आहे. अगदी सावकाश, शाळेत मुलाला समजावतात तशा स्वरात म्हणाल्या, आमची आता काही तक्रार नाही. आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. नुसतं लावलं.

मी तिथेच उभा राहिलो. दाराआडून ऐकू आलं. राहू द्या, काढा बूट. नाही हो, आज नाही. चुकून आले होते ते.

तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलो. बराच वेळ बसलो. गुडघा दुखत होता म्हणून, असं लिहिणार होतो. गुडघ्याला काहीही झालेलं नाही.